मानाची नावं

विश्राम मास्तर आमच्या गावात पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या पायांत वहाणा नव्हत्या, आणि तिथंच तो मला खटकला. त्याच्या आधी कल्याणहून मिशनचा साहेब यायचा. बूट, छत्री, डोक्याला टोपी. वडाखाली उभा राहून अर्धी घटका बोलायचा आणि निघून जायचा. त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी कळायचं की हा परका. कुणाला त्याचं पटलंच, तर तो आपलं बोचकं बांधून कल्याणला त्यांच्या वाडीत राहायला जायचा, गावाला त्याची काही झळ नव्हती. स्वराज्य आलं, साहेब बोटीत बसून गेला, आणि त्याच्या जागी हा आला. नगरकडचा शिडशिडीत माणूस, खांद्यावर बाजाची पेटी, आणि बांधाच्या चिखलातून अनवाणी. आमच्यासारखं दिसायला म्हणून अनवाणी आला होता मेला.

त्याचं म्हणणं असं की गाव कुणी सोडायचा नाही. आपल्या घरात राहायचं, आपलं शेत करायचं, आपली भाकरी खायची आणि तिथंच येशूचं नाव घ्यायचं. त्यांच्यात जमलेल्या लोकांना मंडळी म्हणतात. मंडळी म्हणजे काही दगडविटांची इमारत नव्हे, मंडळी तुमच्या ओटीवरसुद्धा बसते, असं तो जो भेटेल त्याला सांगायचा. आणि बसली ती नेमकी माझ्या भावाच्या ओटीवर.

मी गंगूबाई, ह्या गावची धवलारीन. आमच्यात लग्न भट लावत नाही, धवलारीन लावते. तांदळाच्या पिठाचा चौक भरायचा, नवरीला त्यावर बसवायचं, आणि मी धवला गायचा. धवल्यात आधी मानाची नावं येतात. पहिला मान धरतरीचा, मग खाडीचा, मग बांधावरच्या देवाचा, मग कुळाच्या आईचा, आणि मग घरातल्या मेलेल्यांचा. एकेकाला नावानं हाक मारायची, की या, तुमची पोर चौकात बसलीय. ती नावं घेतल्याशिवाय हळद लागत नाही आणि लग्न लागत नाही. माझी आई सखू धवलारीन होती. दगडू तान्हा असताना ती गेली, त्याला मी वाढवला. म्हणून तो मला बाय म्हणतो, बहीणही मीच आणि आईही मीच.

दगडू मिठागरात कामाला जायचा. फावडीनं मीठ ओढताना पायाला काहीतरी लागलं, ते खाऱ्या पाण्यात चिघळलं, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळा पडला. भगतानं कोंबडं घेतलं, पाला बांधला, काही उतार पडला नाही. घरात वास सुटला तसा गावानं ओटीवर बसणं सोडलं. मी रोज जायचे, पण मला तो जखमेला हात लावू देईना, बाय तुला बघवणार नाही म्हणायचा. आणि हा मास्तर रोज कल्याणहून चालत यायचा, पाणी उकळायचा, जखम धुवायचा, पू पिळून काढायचा. नाकाला फडकंसुद्धा लावायचा नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय, खोटं कशाला बोलू. पाय बरा झाला आणि माझा भाऊ बाटला.

खाडीतच त्याला पाण्यात घातला. ओहोटी लागलेली, पाणी पार आत गेलेलं, दोघंही मांडीपर्यंत चिखलात रुतले. मास्तरानं त्याला धरून त्या गुडघाभर गढूळ पाण्यात आडवा केला आणि वर काढला. बांधावर सगळा गाव पोट धरधरून हसत होता. दगडूची बायको ठकी पदर तोंडात कोंबून उभी होती. तिची आणि पोरीचीही त्याच पाण्यात पाळी होती. मला हसू आलं नाही. मी घरी जाऊन चूल पेटवली आणि दगडूच्या नावानं दोन शिव्या घातल्या.

महिपत पाटलाच्या ओटीवर बैठक झाली. वाळीत टाकायला सरकारनं नुकतीच बंदी केलेली, पाटलाला ते पक्कं ठाऊक. तो म्हणाला, कुणी कुणाला काही बोलायचं नाही. दगडूच्या अंगणात कुणी पाय ठेवायचा नाही, एवढंच. विहिरीवर ठकी आली की बायका आपले हंडे उचलून बाजूला व्हायच्या. तिला पाणी मिळायचं, पण सगळं आटपून त्या निघून गेल्यावर.

खरा हिसका बसला कापणीला. आमच्याकडे कापणी, भारे वाहणं, झोडणी हे एकमेकांच्या हातानं होतं. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. दगडूचं भात पिवळं होऊन लवलं, दाणा गळायला लागला, आणि एक माणूस विळा घेऊन येईना. दगडू अजून लंगडत होता. ठकी, त्यांची पोर कली आणि मास्तर, असे तिघं कापायला वाकले. मास्तराला विळा कसा धरायचा हेही ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यानं करंगळी कापून घेतली, चिंधी बांधली आणि पुन्हा वाकला. मी तिसऱ्या खाचरातून बघत होते. मग माझं मलाच राहवलं नाही. ते शेत माझ्या आईच्या हातचं. कमरेला पदर खोचला आणि शिरले.

दुपारी भाकरी सोडली तर मास्तरानं डोळे मिटून हात जोडले. मी माझी भाकरी उचलून करंजाखाली जाऊन एकटी बसले. दगडू वाईट तोंड करून बघत राहिला. बघू दे म्हटलं. कापणीला आले म्हणजे काही तुमच्या पंगतीला आले नाही.

कली तेवढी माझ्यामागे करंजाखाली आली. ही पोर माझी. जन्म ठकीनं दिला असेल, पण जात्यावर माझ्यासमोर बसून दळता दळता तिनं धवला उचलला होता. मला पोरबाळ नाही. आईचा गळा माझ्यात आला, माझा कलीत गेला, असं मी गावभर सांगायचे. धवलारीन मेली की पुढची धवलारीन तिचं नाव मानाच्या नावांत घेते. माझं नाव कली घेणार होती. त्या भरवशावर मी म्हातारी होत होते.

आणि मग नाताळ आला. दगडूच्या अंगणात कागदाच्या पताका लावल्या, कल्याणहून दहा-पंधरा माणसं आली, पेटी वाजायला लागली. मी माझ्या अंगणात वाकळ झटकत होते. मध्ये दोनच घरं, सगळं ऐकू येतं. आणि ऐकते तर काय, चाल माझी. चौकाचा धवला, तसाच लांबवलेला, तसाच खाली उतरवलेला. गळा कलीचा. नावं तेवढी बदललेली.

चौक भरिला गो, चौक भरिला,
पहिल्या मानाचा गो येशू राजा.

अंगाची लाही लाही झाली. तशीच वाकळ टाकून गेले. अंगणात पाय ठेवायचा नव्हता तरी ठेवला. पेटी थांबली. मी मास्तराकडे बघितलंसुद्धा नाही. कलीला विचारलं, कुणाला विचारून दिलंस. ती खाली मान घालून म्हणाली की मास्तरांनी विचारलं, तुमच्यातलं चांगलं गाणं कुठलं, तर हेच चांगलं म्हणून सांगितलं. मास्तर उठून पुढे आला, हात जोडले, आणि म्हणाला की परक्या देशाची गाणी आम्ही किती दिवस गावी, येशूनं ह्या मातीतल्या सुरात यावं अशी माझी इच्छा आहे. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्या पाण्याचाच मला जास्त राग आला. चोर पकडला तर निदान तोंड लपवतो, ह्याला आपण चोरी केली हेच कळत नव्हतं.

"कले," मी म्हटलं, "त्या चालीत माझी आई हाय. तिला उठवून तू दुसऱ्याला पाट दिलास."

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. ती विहिरीवर दिसली की मी वाट बदलायचे.

गावाला आयतंच सापडलं. गंगूचा धवला मिशनच्या पेटीवर वाजला, म्हणजे गंगूचा धवला बाटला. मी म्हटलं अरे, माझ्या घरात चोरी झाली तर मीच चोर कशी? पण ऐकतो कोण. माघात पाटलाच्या मुलाचं लग्न होतं. मला निरोप नव्हता, पण पाटलाच्या घरचं लग्न माझ्याशिवाय कधी झालं नव्हतं, म्हणून मी आपली तांदळाचं पीठ चाळून, नवं लुगडं नेसून बसले. दुपारी पाटलाच्या दारात बैलगाडी थांबली आणि तीतून खाडीपलीकडच्या गावची धवलारीन उतरली. पाटलीणबाईनं मला बोलावलं ते सुकी मासळी निवडायला. मी मांडवामागे बसून सुकटीसोडे निवडले आणि ती बाई समोर चौकात गायली. पाटलाच्या आज्याचं नाव तिनं चुकीचं घेतलं. मला ठाऊक होतं, मांडवातल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही.

चैत्रात कलीचं लग्न ठरलं. मुलगा शांतवन, त्यांच्यातलाच, कल्याणच्या रेल्वे यार्डात इंजिनात कोळसा टाकायच्या कामाला. लग्न कल्याणला त्यांच्या देवळात व्हायचं, पण मास्तरानं हट्ट धरला की गावातच, दगडूच्या अंगणात. गावानं बघावं की आम्हीही माणसांसारखेच राहतो, लग्न लावतो. ठकीनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं, हळदीशिवाय आणि चौकाशिवाय माझी पोर बकरीसारखी नेणार का म्हणून. मास्तर म्हणाला हळदीत काही पाप नाही, लावा. चौकही भरा. त्यावरून कल्याणच्या त्यांच्या पंचांशी त्याचं चांगलंच वाजलं. ते शिकलेले, पगारदार, खिशाला पेन लावणारे. त्यांचं म्हणणं, आम्ही दोन पिढ्या जे सोडून आलो ते हा माणूस पुन्हा आमच्या गळ्यात घालतोय. दगडू मला बांधावर भेटला तेव्हा हे सगळं त्यानं सांगितलं. मी ऐकलं आणि चालू लागले.

लग्नाच्या आधल्या दिवशी मास्तर माझ्या दाराशी आला. तसाच अनवाणी. आत ये म्हटलं नाही, तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. म्हणाला, नाताळाला मी चुकलो, तुमची चीज तुम्हाला न विचारता घेतली. उद्या तुम्ही स्वतः येऊन गा. कली तोंडानं बोलत नाही, पण दोन दिवस तिच्या पोटात अन्न नाही.

मला वाटलं, चला, एवढं तरी कळलं ह्याला. आतून मी विरघळले होते, उगीच कशाला लपवू. उद्या कुठलं लुगडं नेसायचं इथपर्यंत मन जाऊन आलं. तेवढ्यात तो म्हणाला, फक्त देवांची नावं गाळा. धरतरी, खाडी, बांधावरचा, कुळाची आई, एवढी गाळलीत की पंचांनाही काही बोलता येणार नाही.

मी दाराला हात घातला. मग विचारलं, "आणि माझ्या आईचं नाव?"

तो चुळबुळला. करंगळीवरच्या वणावर अंगठा फिरवत राहिला. ह्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं, तेवढं मी त्याच्या पदरात टाकते.

"आम्ही मेलेल्यांना हाक मारत नाही, गंगूबाई."

"मग पेंढाच उरला की. दाणा झोडून घेतल्यावर मला कशाला बोलावता?"

मी दार लावलं. तो बराच वेळ बाहेर बसून होता. भिंतीपलीकडून त्याच्या खोकण्याचा आवाज येत होता.

लग्नाच्या सकाळी मी मुद्दाम अंगणात बोंबलांचं टोपलं घेऊन बसले. वाळलेल्या बोंबलांची डोकी मोडायची आणि सुपात टाकायची. हात घाण असले की कुठं जावंसं वाटत नाही. दगडूच्या अंगणात कल्याणची माणसं येऊन बाकांवर बसली होती. गावातलं कुणी गेलं नाही, पण सगळा गाव आपापल्या ओटीवर येऊन बसला होता. महिपत पाटील वडाखाली खाट टाकून बसला.

कुडावरून मला अर्धंमुर्धं दिसत होतं. ठकीनं चौक भरला, एक कोपरा वाकडा गेला. कलीला हळदीला चौकात बसवली. आणि मग काहीच होईना. चौकात नवरी बसली की धवला सुरू झाला पाहिजे, त्याशिवाय पुढे काय करायचं हे ठकीला ठाऊक नव्हतं. ती वाटी हातात घेऊन उभी. पंचांतला एकजण घड्याळ बघून मोठ्यानं म्हणाला की हे लवकर आटपा.

आणि कलीनंच सूर लावला. नवरीनं आपल्या चौकात आपलाच धवला गायचा, असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. वडाखालून पाटील हसला. माझ्या हातात बोंबील तसाच राहिला. पोर चांगली गात होती, सूर कापत होता पण तुटत नव्हता. चौक भरिला गो, चौक भरिला. आता येशू राजा येणार म्हणून मी दात आवळले. पण तिनं ते घेतलं नाही. पहिल्या मानाची, एवढं म्हणाली आणि थांबली. पेटी नाही, टाळी नाही. जेवढा वेळ नाव घ्यायला लागतो तेवढा वेळ ती गप्प राहिली. मग पुन्हा मागे जाऊन चौक भरिला गो. पुन्हा पहिल्या मानाची. पुन्हा थांबली. तिला ती नावं घ्यायची मनाई होती आणि दुसरं नाव ती तिथं घालत नव्हती. आपल्या लग्नात, सगळ्यांच्या देखत, ती माझ्यासाठी जागा सोडून बसली होती.

तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मी बसल्या जागेवरून गळा सोडला. धरतरी, ये गो. खाडीबाई, ये गो. बांधावरच्या देवा, कुळाच्या आई, या. बोंबलाचे हात, अंगावर जुनेर, मध्ये दोन घरं. कलीनं पुढची ओळ उचलली आणि पुन्हा थांबली. तेव्हा मी आईला हाक मारली. सखू, ये गो, तुझी नात चौकात बसली. माझा आवाज फाटला. गावात कुठं भांडं वाजलं नाही.

पलीकडे बाकं सरकल्याचा आवाज झाला. पंच उठले होते. मास्तरानं त्यांना हात धरधरून बसवलं. ठकीनं हळद पुरी केली.

मग त्यांनी कलीला पांढरं लुगडं नेसवलं. त्यांच्यात नवरीला पांढरं. आमच्याकडे तो विधवेचा रंग. हळदीच्या अंगावर पांढरं नेसवल्यानं खांद्याला, कमरेला पिवळे डाग उठले होते. पुस्तकातलं काहीतरी वाचलं, दोघांना विचारलं, झालं लग्न.

निघायच्या वेळी कली त्यांच्या घोळक्यातून बाहेर पडली आणि हातात सूप घेऊन माझ्या अंगणात आली. सुपात तांदूळ, नारळ आणि चोळीचा खण. हा धवलारणीचा मान. नवरीनं द्यायचा आणि धवलारणीनं ओटीत घ्यायचा. घेतला म्हणजे ते लग्न माझ्या हातचं. गाव बघत होता. पाटील खाटेवरून उठून रस्त्यात आला. इतके दिवस कायद्याला भिऊन जे तोंडानं बोलला नव्हता ते आता बोलला.

"गंगू, ते सूप घेतलंस तर ह्या गावात पुन्हा मांडव नाय तुला."

मी हात पदराला पुसले. ओटी पसरली. कलीनं सूप रिकामं केलं, थोडे तांदूळ खाली सांडले. पाया पडायची तिला मनाई असावी, कारण ती वाकता वाकता थांबली. मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. बोंबलाचा वास तिला लागला असेल, तिची हळद मला लागली. आते, एवढंच म्हणाली. मी तिला म्हटलं जा, गाडी थांबलीय.

मास्तर मागे राहिला होता. बाकं गाडीत चढवून झाल्यावर कुडाशी आला. त्याचा चेहरा नुसता उजळला होता. म्हणाला, गंगूबाई, आज गावाचं दार उघडलं.

माझ्या तोंडात जे आलं ते मी बोलले. "कसलं दार? माझं एक घर होतं, मास्तर. एका बाजूनं पाटलानं पाडलं, दुसऱ्या बाजूनं तुम्ही. माझं नाव तुमच्या माणसांत धरू नका."

तो खाली सांडलेले तांदूळ वेचायला वाकला. मी म्हटलं, राहू द्या, कोंबड्या खातील.

पण माझं नाव त्यानं धरलंच. दगडूनं मला सांगितलं, कल्याणला प्रार्थनेत मास्तरानं सांगितलं म्हणे की त्या गावची धवलारीनसुद्धा आता आपल्या अंगणाजवळ आली आहे. आणि पंच म्हणाले की ह्यानंच आमच्या अंगणात हिंदू देव बोलावले. पावसाळ्याआधी त्याची बदली झाली, कुठं गेला कोण जाणे. दगडूच्या ओटीवर आता रविवारी फक्त दगडू आणि ठकी असतात. पाटलानं आपला शब्द पाळला. गावात लग्नं होतात, खाडीपलीकडची बाई गाडीतून येते, चुकीची नावं घेते आणि मान घेऊन जाते. ओटीवर बसून मी ऐकते.

कली कल्याणला रेल्वेच्या चाळीत राहते. बरं चाललंय म्हणतात. मी घरात दळताना धवला म्हणते, भिंतींना ऐकू जातो तेवढाच. नावांच्या शेवटी आईचं नाव आलं की थोडं थांबते, कारण त्यापुढे एक जागा आहे आणि ती माझी. मी गेले की तिथं माझं नाव घ्यायचं. आईची चाल ठाऊक असलेली जगात एकटी कली, आणि तिला मेलेल्यांना हाक मारायची मनाई. ती कधी गायलीच, तर त्या जागी येऊन थांबेल, तेवढी मी तिला ओळखते. थांबेल, आणि दोन घरं पलीकडून उत्तर द्यायला कुणी नसेल.